खिडक्या मोजत जा : हार्डविक हॉल कसा पाहावा

इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या आईवडिलांना एखाद्या रविवारी हमखास कुठल्यातरी जुन्या हवेलीत नेलं जातं. मोठ्ठं घर, मोठ्ठी बाग, पलंग, तैलचित्रं, आणखी पलंग. तासाभराने पाय भरून येतात, कॅफेत चहा-स्कोन होतो आणि घरी परतल्यावर लक्षात राहतो तो स्कोन. दोष पाहणाऱ्यांचा नसतो. घर कुठून वाचायला सुरुवात करायची हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून माणूस पाट्या वाचत फिरतो.

माझा साधा उपाय असा : पलंग सोडा, खिडक्या बघा. किती आहेत, कुठे मोठ्या होतात, कुठे लहान होतात, आणि कोणत्या खिडकीमागे खोलीच नाही. ही युक्ती शिकायला डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलइतकं चांगलं घर दुसरं नाही. ‘हार्डविक हॉल, मोर ग्लास दॅन वॉल’ अशी तिथली जुनी म्हणच आहे. भिंतीपेक्षा काच जास्त.

‘कंट्री हाउस’ म्हणजे खेड्यातलं घर नव्हे. स्वतःच्या जमिनीच्या मधोमध बांधलेलं सरदार-जमीनदाराचं मुख्य घर. आपल्या गढीची आठवण होते, पण गढी तटाआड लपते आणि हे घर दहा कोसांवरून दिसावं म्हणून टेकडीच्या माथ्यावर बसवलेलं आहे. बांधलं एका बाईने. एलिझाबेथ टॅलबॉट, श्रूझबरीची काउंटेस, लोकांच्या तोंडी ‘बेस ऑफ हार्डविक’. चार लग्नं, चार वैधव्यं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा अधिक जमीन. चौथा नवरा १५९० साली गेला आणि त्याच सुमारास या घराचं काम सुरू झालं. १५९७ मध्ये ती इथे राहायला आली तेव्हा सत्तरीच्या घरात होती. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. त्याच्या थडग्यावर त्याला ‘आर्किटेक्टर’ म्हटलंय. इंग्लंडमध्ये हा शब्द तेव्हा नवा होता. मुळात तो गवंडी, दगडकाम करणारा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण घरभर दगड समजणाऱ्या माणसाचा हात दिसतो.

निघण्यापूर्वी

घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि शेजारचा पडका ‘ओल्ड हॉल’ इंग्लिश हेरिटेज ही तशीच दुसरी संस्था सांभाळते. दोन्हींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, दुरुस्तीसाठी भाग बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी दोन्ही संकेतस्थळं पाहाच. गाडी असेल तर एम-वन महामार्गाच्या २९ क्रमांकाच्या फाट्यावरून उतरायचं. रेल्वेने चेस्टरफील्ड, पुढे टॅक्सी.

दुपार निवडा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. दुपारी ऊन कलतं झालं की सगळी काच पेटते. सकाळी तेच घर करडं आणि थोडं उदास दिसतं.

सोबत लहानशी वही आणि पेन्सिल ठेवा. पेन नको, अशा घरांत शाईचं पेन बाहेर काढलं की दालनातले स्वयंसेवक अस्वस्थ होतात. फोनमध्ये घराचा नकाशा घेतलात तर उत्तम.

आधी लांब उभे राहा

तिकीट दाखवून थेट दारात घुसू नका. पुढच्या अंगणाच्या फाटकापाशी थांबा आणि घराच्या मधून एक उभी रेघ मनात मारा. डावी बाजू उजवीकडे घडी घातली तर तंतोतंत बसते. आज यात काही विशेष वाटत नाही. पण त्याआधीची इंग्लिश घरं अशी नव्हती. स्वयंपाकघर मोठं म्हणून तिकडची बाजू फुगलेली, दिवाणखान्याची खिडकी एकीकडे, देवघराची भलतीकडे. आतल्या गरजेप्रमाणे बाहेरचा चेहरा ठरायचा. हार्डविकला चेहरा आधी ठरला आणि खोल्यांना त्यात मुकाट्याने बसावं लागलं. त्याची किंमत कुठे मोजली ते पुढे बघू.

आता नजर वर. सहा बुरूज, आणि त्यांच्या माथ्यावर दगडी नक्षीच्या जाळीत आभाळाच्या पार्श्वभूमीवर ‘ई’ आणि ‘एस’ ही रोमन अक्षरं, वर काउंटेसचा मुकुट. एलिझाबेथ श्रूझबरी. घरावर नाव घालण्याची हौस सगळीकडे सारखीच, पण आपण दारावर पाटी लावतो. बाईंनी घराच्या शेंडीवर लावली.

मग घराला पूर्ण फेरी मारा, आणि चालताना बुरुजांकडे बघत राहा. घर आयताकृती आहे. लांब बाजूंना दोन-दोन आणि आखूड बाजूंना एक-एक बुरूज. त्यामुळे दहा पावलं सरकलात की बुरूज एकमेकांआड जातात, पुन्हा सुटतात, कधी चार दिसतात, कधी दाट झुबका होतो. समोरून शिस्तीत बसलेलं घर कोपऱ्यावरून किल्ल्यासारखं भासतं. फोटोत हे येत नाही. त्यासाठी चालावंच लागतं.

फेरीत दगडालाही हात लावून घ्या. हा वालुकाश्म याच टेकडीच्या खाणीतला. बेसकडे स्वतःची खाण होती आणि स्वतःचा काचेचा कारखानाही. इतकी काच कुणाला परवडली, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता खिडक्या

इथे घाई करू नका. अर्धा तास गेला तरी चालेल.

पहिलं काम, तावदानं जवळून बघा. लहान लहान तुकडे, शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले. त्या काळी काच फुंकून बनवत आणि तिचे सपाट, निर्दोष तुकडे लहानच निघत. मोठी खिडकी हवी तर शेकडो तुकडे जोडायचे आणि तो डोलारा दगडाच्या उभ्या-आडव्या दांड्यांच्या चौकटीत बसवायचा. काच इतकी मोलाची की १५६७ मध्ये अ‍ॅनिक किल्ल्याची पाहणी करणाऱ्याने सुचवलं होतं : मालक नसताना तावदानं उतरवून ठेवावीत, वाऱ्याने फुटतात. त्यानंतर तिसाव्या वर्षी बेसने टेकडीवर, भर वाऱ्यात, काचेची भिंत उभी केली. बघणाऱ्याला जे समजायचं ते समजलं असणार.

दुसरं काम, मजले. तळमजल्याच्या खिडक्या बुटक्या, पहिल्या मजल्याच्या त्याहून उंच, दुसऱ्याच्या सर्वांत उंच. वहीत एक उभी पट्टी काढून प्रमाण टिपा. घराचा सगळा मानापमान या पट्टीत आहे : खाली स्वयंपाक आणि नोकरमाणसं, मध्ये बेसचं रोजचं राहणं, सगळ्यात वर समारंभाची दालनं. इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या घरांत मानाचा मजला पहिला असतो आणि माथ्याचा मजला मुलांना किंवा मोलकरणींना दिलेला असतो. इथे उलटं आहे. खिडकी कुठे मोठी होते ते पाहा, मालक पाहुण्याला कुठे नेणार ते कळतं. हा नियम इतर घरांतही क्वचितच चुकतो.

तिसरं काम मजेचं. एका बाजूच्या एका मजल्याच्या खिडक्या बाहेरून मोजून लिहून ठेवा. आत गेल्यावर त्याच मजल्यावर त्याच बाजूच्या पुन्हा मोजा. आकडा जुळला नाही तर तुमचं चुकलेलं नसेलही. हार्डविकच्या काही खिडक्या खोट्या आहेत : बाहेर काच आणि मागे धुरांडं किंवा भिंत. चेहरा सारखा दिसायला हवा होता आणि आतली सोय तिथे खिडकीला जागा देत नव्हती. मघाशी म्हटलेली किंमत ती हीच.

बुजलेली किंवा खोटी खिडकी दिसली की कुणीतरी हटकून सांगतं, ‘खिडक्यांवर कर होता ना, म्हणून बुजवल्या.’ कर होता हे खरं, १६९६ ते १८५१. पण हार्डविकच्या खोट्या खिडक्या त्याच्या शंभर वर्षं आधीच्या आहेत. इतर घरांतही अनेक आंधळ्या खिडक्या पहिल्या दिवसापासून प्रमाणबद्धतेसाठीच केलेल्या असतात. ओळखायचं कसं? बुजवलेल्या भागाचा दगड किंवा वीट, सांधे आणि चुना भोवतालच्या भिंतीसारखाच असेल तर मुळातला. वेगळा असेल तर नंतरचा.

चौथी गोष्ट आमच्या काकांमुळे कळली. आयुष्य बांधकाम खात्यात गेलेलं. तैलचित्रांकडे ढुंकूनही न बघता त्यांनी विचारलं, ‘बाहेरची भिंत सगळी काचेची. मग भार उतरतो कुठनं?’ घराचं मर्म हेच. भार आतल्या जाड दगडी भिंतींवर आहे, आणि एरवी बाहेरच्या भिंतीत बसणाऱ्या शेकोट्या नि धुरांडी याच आतल्या भिंतींत घातली आहेत. त्यामुळे बाहेरची भिंत मोकळी झाली. बाहेर आलेले बुरूज तिला धिरा देतात. आत गेल्यावर प्रत्येक दालनात शेकोटी कोणत्या भिंतीत आहे ते बघत चला. ही मांडणी आपोआप उलगडते.

दार, आणि कूस बदललेला हॉल

दर्शनी बाजूच्या मध्यावर खांबांची ओळ आहे, तिच्याआडून आत शिरायचं. आत जे मोठं दालन लागतं तो ‘हॉल’, दोन मजले उंच. थांबा आणि विचारा : मी लांबीच्या दिशेने उभा आहे की रुंदीच्या?

जुन्या पद्धतीत हॉल घराच्या लांबीला समांतर असे. एका टोकाला आडवी बोळ, तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर नि कोठारं, दुसऱ्या टोकाला मालकाचा चौथरा. माणूस कोपऱ्यातून यायचा आणि वळून मालकाला सामोरा जायचा. हार्डविकला हॉल नव्वद अंशांत फिरवला आणि घराच्या आरपार मधोमध घातला. बाहेर मनात मारलेली ती उभी रेघ आता तुमच्या पायाखालून जाते. तशी क्षुल्लक गोष्ट. पण हॉल म्हणजे सगळ्या माणसांसह मालकाने जेवायची जागा, हे जाऊन तो आता येण्याजाण्याची आणि चाकरांची जागा झाला होता. मालकीणबाई वर गेल्या होत्या.

जिना चढताना बोलू नका

हार्डविकचा दगडी जिना एका जागी उभा नाही. तो घरभर भटकतो. रुंद, उथळ पायऱ्या, मध्येच अंधार, मध्येच काचेतून एकदम उजेड, एक वळण, पुन्हा चढ. पाहुणा दमू नये पण त्याला प्रतीक्षा करावी लागावी, अशी ती योजना आहे. चढताना आपण काउंटेसला भेटायला आलेले कुणी मध्यम दर्जाचे सरदार आहोत असं समजा. बऱ्याच जणांची मजल पहिल्या मजल्यापर्यंतच. ज्याला माथ्यापर्यंत नेत, त्याला आपली पायरी तिथेच समजे.

वरची दालनं

जिना संपतो तो ‘हाय ग्रेट चेंबर’च्या दाराशी. बहुतेक लोक आत शिरून फर्निचरकडे वळतात. तुम्ही दारातच थांबून खालून वर वाचा : जमीन, भिंत, मग पट्टा.

जमिनीवर लव्हाळ्याची चटई. पाऊल टाकलं की तिचा गवती वास येतो. भिंतीवर ब्रसेल्सच्या विणलेल्या चित्रपडद्यांची, म्हणजे टॅपेस्ट्रींची रांग, युलिसिस या ग्रीक पुराणातल्या वीराच्या कथेची. आणि त्यावर छतापर्यंत गिलाव्यात उठावाने केलेलं, रंगवलेलं अरण्य : झाडं, जनावरं, मधोमध शिकारीची देवी डायना आपल्या दरबारासह. रंग आता विटले आहेत, पण उन्हात डोळा सरावला की एकेक प्राणी बाहेर येतो. पडद्यांची उंची आणि गिलाव्याच्या पट्ट्याची सुरुवात कशी चपखल जुळते ते पाहा. सामान नंतर आणून सजवलेली ही खोली नव्हे.

शेकोटीवर राजघराण्याचं चिन्ह आहे. कुमारी राणी एलिझाबेथ आणि कुमारी देवी डायना, दोघींची सांगड घालून खोली जणू राणीची वाट बघत बसली आहे. राणी कधीच आली नाही.

पुढे ‘लाँग गॅलरी’. पूर्वेची सगळी बाजू व्यापणारं, सुमारे ५० मीटर लांब दालन. पावसाळी हवेत येरझाऱ्या घालायच्या, चित्रं पाहायची, खासगी बोलायचं. इथल्या भिंतींवर गिडियनच्या बायबल-कथेच्या १३ टॅपेस्ट्री आहेत, जवळजवळ ६ मीटर उंच, एकूण लांबी ७० मीटरच्या वर. त्या बेससाठी विणलेल्याच नाहीत. सर क्रिस्टोफर हॅटन या दरबारी माणसासाठी केलेल्या. तो वारल्यावर बेसने १५९२ मध्ये त्याच्या वारसाकडून घेतल्या, आणि त्याची घराणेचिन्हं बदलावी लागतील म्हणून भाव पाडून घेतला. हॅटनच्या चिन्हात हरिणी होती, बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या कॅव्हेंडिश घराण्यात सांबर. तेव्हा हरिणींना शिंगं जोडून दिली! या तेरा पडद्यांची आधुनिक दुरुस्ती २४ वर्षं चालली आणि २०२३ मध्ये संपली.

गॅलरीत अंधार वाटेल. इतक्या खिडक्या आणि पडदे अर्धे ओढलेले, याची चीड येते. पण लोकर-रेशीम उजेडाने मरतं. अशा कापडावर साधारण ५० लक्स, म्हणजे संध्याकाळच्या मंद दिव्याइतकाच प्रकाश पडू देतात. पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे जुळवून घेतात. गॅलरीतल्या दोन शेकोट्यांवरच्या मूर्ती तोवर दिसायला लागतील : एक न्याय, दुसरी दया.

इथे बाहेर मोजलेल्या खिडक्यांचा हिशेब करा. जुळत नसेल तर दालनातल्या स्वयंसेवकाला विचारा, ‘त्या कोपऱ्याच्या खिडकीमागे काय आहे?’ बहुतेक निवृत्त मंडळी असतात आणि पलंग कुणाचा हे दिवसभर सांगून कंटाळलेली असतात. असा प्रश्न आला की खुलतात. आणि खुर्चीवर वाळलेलं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं तर ती सजावट नव्हे. ‘बसू नका’ हे इंग्रजी सभ्यपणे सांगायची ती रीत आहे.

नोकर कुठे झोपत? जागा मिळेल तिथे, धन्याच्या दाराशी, जिन्याच्या वळणावर. नोकरांना नजरेआड ठेवणारा वेगळा मागचा जिना सतराव्या शतकात रुळला. एखाद्या घरात असा अरुंद जिना दिसला की तो मूळ आराखड्यातला की नंतर कोंबलेला, हे जरूर बघा.

हीच नजर इतरत्र

डर्बीशायरमध्येच दोन दिवस मिळाले तर हार्डविकआधी हॅडन हॉल बघा आणि नंतर केडलस्टन. हॅडनला मध्ययुगीन हॉल, आडवी बोळ आणि स्वयंपाकघर जागेवर आहे, त्यामुळे स्मिथसनने नेमकं काय मोडलं ते कळतं. केडलस्टनला मानाचा मजला पहिला. खालचा मजला बसका आणि बाहेरच्या भव्य पायऱ्या थेट वर नेतात. रॉबर्ट अ‍ॅडमने ते १७६०च्या दशकात पुरं केलं. मुख्य घर मध्ये आणि वाकड्या ओवऱ्यांनी जोडलेले चार उपभाग, असा बेत होता. प्रत्यक्षात दोनच झाले. चारही उपभागांसह तो आराखडा उभा राहिला कोलकात्यात. गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याच धर्तीवर बांधलेलं गव्हर्नमेंट हाउस १८०३ मध्ये पूर्ण झालं. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ आर्थर असईला मराठी फौजांशी लढत होता. पुढे त्याच कोलकात्याच्या घरात व्हाइसरॉय म्हणून राहायला आला लॉर्ड कर्झन, ज्याचं वडिलोपार्जित घर केडलस्टन.

काळ ओळखायचा तर खिडकीच पुन्हा कामी येते. दगडी दांड्यांच्या चौकटी आणि शिशात जोडलेले तुकडे असतील तर साधारण सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंतचं काम. वर-खाली सरकणारी लाकडी झडप असेल तर त्यानंतरचं. तिच्या लाकडी पट्ट्या जाड असतील तर आधीचं, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाजवळचं, आणि जितक्या बारीक तितकं उशिराचं. मात्र पुढून निकाल देऊ नका. जुन्या घराला नवा चेहरा चिकटवायची पद्धत होती. मागे जा, धुरांडी बघा, पावसाचं पाणी उतरवणाऱ्या शिशाच्या पन्हळीपेट्यांवर कोरलेली सालं वाचा, आणि तीही फक्त छप्परदुरुस्तीची असू शकतात हे लक्षात ठेवा. हार्डविक यातून वाचलं, कारण बेसचे वंशज, डेव्हनशरचे ड्यूक, चॅट्सवर्थ या आपल्या दुसऱ्या मोठ्या घरात रमले. इथे फारसे बदल कुणी केलेच नाहीत.

शेवटी ओल्ड हॉल

दमला असलात तरी हा टाळू नका. नव्या घराच्या काही वर्षं आधी बेसने शेजारीच हे घर बांधायला घेतलं होतं आणि काही काळ दोन्हींवर एकाच वेळी गवंडी राबत होते. अठराव्या शतकात ते बरंचसं उतरवलं गेलं. छप्पर नाही, जमिनी नाहीत. शेजारी कातडीआड लपलेला सांगाडा इथे उघडा आहे : भिंतीत शिरणारी धुरांडी, तुळयांची भोकं, आणि तीन मजले वर, खाली जमीन नसताना, भिंतीला टांगल्यासारखी शेकोटी. तिच्याभोवती गिलाव्यात केलेल्या आकृत्यांचे अवशेष अजून तग धरून आहेत.

वर जाण्याचा मार्ग उघडा असेल तर जा. काच नसलेल्या खिडकीतून समोरचा नवा हॉल दिसतो. वही काढा आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या इथून आणखी एकदा मोजा. पाऊस झालेला असेल तर दगडी पायऱ्यांवर जपून, रबरी तळाचे बूट घाला.